उन्हात वाचता येणारा लॅपटॉप

विकसनशील देशांतील शाळकरी मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप तयार करायचा म्हटले की, बाजारातील लॅपटॉप घेऊन त्यातील महाग भाग एकेक करून वगळावेत, हा मार्ग प्रथम सुचतो. तथापि अशा रीतीने स्वस्त झालेले यंत्र जेथे वीज दिवसातून काही तासच असते, वर्ग अंगणात भरतो आणि दुरुस्तीचे दुकान तालुक्याच्या गावीच सापडते, तेथे फार दिवस टिकत नाही. म्हणूनच 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या अमेरिकी संस्थेने बनवलेल्या 'एक्सओ' या लॅपटॉपचा आराखडा आजही अभ्यासण्याजोगा आहे. कारण त्याच्या रचनाकारांनी किमतीइतकाच वीज, ऊन आणि धूळ यांचा विचार केला होता.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबचे संस्थापक निकोलस निग्रोपाँटे यांनी 2005च्या जानेवारीत दावोस येथे शंभर डॉलरांच्या लॅपटॉपची कल्पना जाहीर केली. तिच्यामागे गणितज्ञ सेमूर पॅपर्ट यांचा शिक्षणविचार होता. मूल एखादी वस्तू स्वतः घडवू लागते तेव्हा ते सर्वांत चांगले शिकते आणि संगणक हे तशा घडवण्याचे साधन होऊ शकते, असे पॅपर्ट मानत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिस येथे संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत जो नमुना दाखवण्यात आला, त्याच्या कडेला वीज निर्माण करण्यासाठी हाताने फिरवायचा दांडा बसवलेला होता. तो लोकांच्या मनात भरला खरा, पण दांडा फिरवताना पडणारा ताण यंत्राच्या सांगाड्याला सोसणारा नसल्याने पुढील रचनेतून तो वगळण्यात आला.

या यंत्राचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पडद्यात होते, आणि त्याचे श्रेय मुख्यतः संस्थेच्या रचनाकार मेरी लू जेप्सन यांचे. सामान्य एलसीडी पडद्यामागे एक दिवा असतो आणि रंग दिसावेत म्हणून प्रत्येक बिंदूवर लाल, हिरव्या व निळ्या रंगांच्या गाळण्या बसवलेल्या असतात. या गाळण्या दिव्याचा बहुतेक प्रकाश शोषून घेतात, म्हणजे वापरलेल्या विजेतील मोठा वाटा वाया जातो. जेप्सन यांनी गाळण्यांऐवजी प्रकाशाचे रंगांत विभाजन करणारा प्लास्टिकचा पातळ थर वापरला आणि बिंदूंचा काही भाग आरशासारखा परावर्तक ठेवला, त्यामुळे दिवा बंद केला तरी उन्हाच्याच प्रकाशात कृष्णधवल अक्षरे स्पष्ट दिसू लागली. साडेसात इंचांच्या या पडद्यावर आडवे 1200 व उभे 900 बिंदू होते, म्हणजे अक्षरांची सुबकता छापील पानाच्या बरीच जवळ जाणारी होती. याखेरीज पडद्यावरील चित्र टिकवून ठेवण्यासाठी एक वेगळी चिप दिलेली असल्याने, मूल पान वाचत असताना यंत्राचा मुख्य प्रोसेसर झोपी जाऊ शकत असे. विजेच्या काटकसरीचा इतका मुळापासून केलेला विचार त्या काळच्या महाग लॅपटॉपांतही आढळत नव्हता, ही गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी.

प्रोसेसर 433 मेगाहर्ट्झचा, काम करताना लागणारी स्मृती 256 मेगाबाइटची आणि साठवणीसाठी फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एक गिगाबाइटची फ्लॅश स्मृती होती. पंखाही नव्हता, त्यामुळे आपटल्यावर बिघडेल किंवा धूळ आत ओढेल असा फिरता भाग यंत्रात उरला नाही. कळफलक रबराच्या एकसंध थराने झाकलेला होता. सशाच्या कानांसारखे दिसणारे दोन अँटेना मिटले की बाजूची छिद्रे झाकली जात, आणि जादा स्क्रू मुठीतच ठेवलेले होते. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी सुमारे दोन हजार वेळा भरता येईल अशी होती. शिवाय एक लॅपटॉप दुसऱ्याचा संदेश पुढे पोहोचवू शकत असे. अशा परस्परजोडणीला मेश जाळे म्हणतात.

2007च्या अखेरीस तैवानच्या क्वांटा कंपनीत उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत सुमारे 188 डॉलर होती. शंभर डॉलरांचे गणित लाखोंच्या मागणीवर आधारलेले होते आणि तेवढी मागणी आलीच नाही. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006 मध्येच योजना नाकारली होती. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक निकडीची आहे, ही त्यामागची भूमिका होती आणि ती सहज झटकून टाकता येण्याजोगी नव्हती. तरीही भारतातील पहिला छोटा प्रयोग 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या गावच्या एकशिक्षकी शाळेत झाला.

पेरूने आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली. तेथील 319 ग्रामीण शाळांचा इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सामान्य आकलनक्षमतेच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, परंतु गणित व भाषा यांच्या गुणांत फरक आढळला नाही. त्यांतील बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांना मिळालेले प्रशिक्षण अपुरे होते. मुलाच्या हाती यंत्र आले की शिक्षण आपोआप घडेल, हा संस्थेचा विश्वास येथे उघडा पडला. उत्तम पडद्यावर काय वाचायचे आणि वाचलेल्याचे पुढे काय करायचे, हे कुणीतरी मुलाबरोबर बसून ठरवावे लागते.

उरुग्वेने हे ओळखले. 2007च्या मे महिन्यात विया कार्दाल या छोट्या गावात सुरू झालेली तेथील 'सेइबाल' योजना 2009च्या ऑक्टोबरपर्यंत सार्वजनिक प्राथमिक शाळांतील सर्व, म्हणजे सुमारे 3 लाख 62 हजार मुलांपर्यंत पोहोचली. दुरुस्ती, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि इंटरनेटची जोडणी धरून प्रत्येक मुलामागे 260 डॉलर खर्च आला, आणि यंत्राची किंमत वजा करता उरणारी रक्कम त्या शासनाने सुरुवातीपासून योजनेचाच भाग मानली. कळफलक आणि टचपॅड ही एक्सओची दुबळी अंगे ठरली, तेव्हा दूरच्या भागांतील नादुरुस्त यंत्रांसाठी फिरती दुरुस्ती-पथके नेमण्यात आली. पुढील वर्षांत उरुग्वेने अन्य बनावटीचे लॅपटॉप आणि टॅब्लेटही मुलांच्या हाती दिले. शाळांपर्यंत नेलेले जाळे, दुरुस्तीची व्यवस्था आणि शिक्षकांचे प्रशिक्षण मात्र चालूच राहिले.