जुनी वेगवान स्टेशन वॅगन : खरेदी आणि निगा

स्टेशन वॅगन हें नांव आगगाडीच्या स्टेशनावरून आलें. उतारू आणि त्यांचें सामान घरीं पोंचविणारी ती स्टेशन वॅगन. छप्पर मागच्या टोंकापर्यंत सरळ गेलेलें आणि पाठच्या बैठकीमागें ट्रंका-वळकट्या मावतील एवढी जागा, हें तिचें वैशिष्ट्य. भारतांत तिला फारसें गिऱ्हाईक लाभलें नाहीं. तथापि मराठवाड्याचा तिच्याशीं एक संबंध आहे. स्कोडा कंपनीनें २००१ सालीं तेव्हांच्या औरंगाबादजवळ, शेंद्रा येथें ऑक्टाव्हिया मोटारींची जुळणी सुरू केली. त्याच घराण्यांतील कॉम्बी नांवाची स्टेशन वॅगन पुढें येथें विकली गेली. १.८ लिटरचें, टर्बोची जोड असलेलें, १५० अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन ही त्या घराण्याची नामांकित चीज. अशी कॉम्बी आज धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या गृहस्थास मिळूं लागली, तर किंमत ऐकून तो हुरळून जाईल. परंतु त्या किमतींत मागील मालकाची हयगय धरलेली नसते. तिची भरपाई नव्या मालकास करावी लागते.

ह्या इंजिनांत प्रत्येक नळकांड्याला पांच याप्रमाणें वीस झडपा असतात. झडपा आणि दट्टे ह्यांचा मेळ एक रबरी दांतेरी पट्टा सांभाळतो. त्यास टायमिंग बेल्ट म्हणतात. पट्टा तुटला कीं वर येणारे दट्टे उघड्या झडपांवर आदळतात, झडपा वांकतात आणि क्षणार्धांत इंजिन निकामी होतें. पूर्वसूचना बहुधा मिळत नाहीं. पट्टा जसा चालण्यानें झिजतो तसा नुसत्या वयानेंही जीर्ण होतो. म्हणून वर्षानुवर्षें गॅरेजांत झांकून ठेविलेली, ‘फारच कमी चाललेली’ गाडी विशेष फसवी. पट्टा बदलल्याची पावती दिसली नाहीं, तर तो बदललेलाच नाहीं असें समजावें. आणि ताण देणारें चक्र व त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप ह्यांसह नवा बसविण्याचा खर्च सौद्यांतून वजा करावा.

टर्बो म्हणजे इंजिनांतून निघणाऱ्या तप्त वायूंनीं फिरणारें चक्र. त्याच्या जोडीचें दुसरें चक्र जास्त हवा आंत कोंबतें. मिनिटाला लाखाच्यावर फेरे घेणाऱ्या त्याच्या आंसाला आधार केवळ तेलाच्या पातळ थराचा. सोलापूरकडून येऊन तुळजापूरचा घाट भर वैशाखांत जोरानें चढावा आणि दर्शनाच्या घाईंत इंजिन तत्क्षणीं बंद करावें, म्हणजे तेलाचा प्रवाह थांबतो व आंसापाशीं राहिलेलें तेल करपतें. एक-दोन मिनिटें इंजिन संथ चालूं द्यावें. देवी तेवढी वाट पाहते. तेल सिंथेटिक, कंपनीनें नेमलेल्या प्रतीचेंच असावें, आणि येथील धूळ व ऊन पाहतां मुदतीच्या आधीं बदललेलें बरें. तेलाच्या टोपीखालीं काळा चिकट थर दिसला, तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरावें.

गाडी पाहावयास सकाळीं, इंजिन थंड असतां जावें. विक्रेत्यानें तें आधींच तापवून ठेविलें असेल, तर बॉनेटवर हात ठेवतांच कळतें. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. गाडी अंगभर थरथरत असेल, तर मात्र कारण पुष्कळदां एखादी बिघडलेली इग्निशन कॉइल एवढेंच असतें. टायरच्या कडेवरील चार अंकांपैकीं शेवटचे दोन त्याच्या जन्मवर्षाचे. वेगवान गाडीला जुनाट टायर घातक.

मालकी बदलण्यास नमुना २९ व ३०, कर्ज फिटलें असल्यास ३५. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढें तपासणी होऊन पांच-पांच वर्षांनीं वाढते; ती वाढविलेली आहे कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें.

सुटे भाग गांवांत मिळतीलच असें नाहीं. सोलापूर किंवा छत्रपति संभाजीनगर येथील जाणता कारागीर आधींच ठरवून ठेवावा. आणखी एक गोष्ट उसाच्या ह्या जिल्ह्यास विशेष सांगण्यासारखी : आजच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि त्या काळच्या गाडीच्या रबरी नळ्या त्या हिशेबानें केलेल्या नाहींत. नळ्या तपासून जीर्ण दिसतील त्या बदलाव्या. पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरूच करूं नये. गळती आणि तापलेला टर्बो ह्यांच्यांत अंतर फार थोडें असतें.