आंदणात गेलेला किल्ला

दिवाळी जवळ आली की आमच्या कुंभारीतल्या पोरांच्या अंगात किल्लेदार संचारतो. काळी माती, दगडगोटे, फाटकी गोणपाटे आणि वर पेरलेले हळीव! यंदा शेजारच्या पोरांनी किल्ला केला तो मात्र थोडा निराळा. एका बुरुजावर वाघाचे निशाण, दुसऱ्यावर गरुडाचे. चौकशी केली तेव्हा कळले की, मोबाइलवरच्या कुठल्याशा खेळातली ही दोन सरदारघराणी. दोघांचे पिढीजात वैर, आणि प्रत्येकाच्या दरबारात पुन्हा दोन-दोन गट! "सर, असली घराणी खरोखरी असतात का हो?" एकाने विचारले. मी सोलापूरच्या दिशेला बोट दाखवले. म्हटले, "बाबा, सिद्धेश्वर तलावाच्या काठचा आपला किल्ला अशाच घराण्यांच्या भांडणात पाऊणशे वर्षे सापडला होता."

ही हकिगत सुरू होते बहामनी दरबारात. तिथे दोन तट होते. या मातीत रुजलेले ते दखनी, आणि इराण-तुराणातून नशीब काढायला आलेले ते आफाकी. वजीर महमूद गावान हा स्वतः इराणातला. पण दोन्ही तटांना सारखे तोलून धरावे, असा त्याचा यत्न होता. सुभेदार शिरजोर होऊ नयेत म्हणून त्याने चार सुभ्यांचे आठ केले. ज्यांचे पंख छाटले गेले, ते स्वस्थ कसे बसणार? कोऱ्या कागदावर गावानचा शिक्का मिळवून ओरिसाच्या राजाच्या नावे खोटे पत्र रचण्यात आले. सुलतानाने ते वाचले आणि 1481 मध्ये त्या म्हाताऱ्या वजिराचे शिर उडवले. पुढच्याच वर्षी सुलतानही गेला, आणि राज्याची शकले व्हायला वेळ लागला नाही.

आता मौज पाहा! विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान हा आफाकींचा पुढारी; अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद हा दखनींच्या म्होरक्याचा, मलिक हसनचा मुलगा. एका दरबारातली दुफळी 1490 च्या सुमारास दोन सिंहासनांवर जाऊन बसली. आणि त्या दोहोंच्या सीमेवर उभे होते आपले सोलापूर.

1524 मध्ये समेटाचा घाट घातला गेला. दोन्ही राजे सोलापुरातच भेटले आणि यूसुफची मुलगी मरियम हिचे बुऱ्हाण निजामशहाशी लग्न झाले. सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून कबूल झाला आहे, असे नगरकरांचे म्हणणे. विजापूरकरांनी तो काही दिला नाही. लग्नाच्या हळदीबरोबर लढाईही आली! पुढची चाळीस वर्षे किल्ला कधी यांचा, कधी त्यांचा. विजयनगरचा रामराया आज याच्या तर उद्या त्याच्या मदतीला धावे. अखेर त्याच्याच धास्तीने 1564 मध्ये दोन्ही घराणी पुन्हा व्याही झाली. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आणि तिच्याबरोबर सोलापूर आंदणात गेले. या सोयरिकीवर उभ्या राहिलेल्या फौजांनी 23 जानेवारी 1565 रोजी तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव केला.

किल्ला मिळाला, पण ज्या मुलीबरोबर तो गेला, तिच्या वाट्याला काय आले? 1580 मध्ये अली मारला गेला. अल्पवयीन इब्राहिमचा कारभार चांदबिबीने हाती घेतला, तोच सरदारांची गटबाजी उसळली आणि किश्वरखानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात डांबले. तिथून सुटून ती पुढे माहेरी आली, तर अहमदनगरला 1595 मध्ये गादीवर बसवायला चार गटांचे चार वारस तयार! त्यांतल्या मियाँ मंजूने तर आपला डाव साधण्यासाठी खुद्द मोगलांनाच बोलावणे धाडले. चांदबिबीने तट लढवला, वऱ्हाड देऊन नगर राखले. पण 1600 मध्ये मोगल पुन्हा आले. तह करून माणसे वाचवावीत असे तिच्या मनात आले, तेव्हा 'बाई फितूर झाली' अशी हूल उठली आणि तिच्याच लोकांनी तिला ठार केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

वाचकहो, भाषेचा मास्तर म्हणून मला एक गोष्ट फार बोचते. गावानला मारले ते खोट्या पत्राने, आणि चांदबिबीला मारले ते एका शब्दाने. 'फितूर' हा शब्द आपण आजही किती सहज वापरतो! ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जो दोन्ही पार्ट्यांशी बोलतो, त्यालाच आधी तो चिकटवला जातो. भांडणाऱ्यांना जोडू पाहणारा माणूस दोन्ही गटांना नकोसा असतो, हे तेव्हा जितके खरे तितकेच आजही.

निजामशाही 1636 मध्ये संपली, आदिलशाही 1686 मध्ये. किल्ला मात्र तलावाकाठी उभा आहे. पोरांनी सगळे ऐकून घेतले. मग एक जण म्हणाला, "सर, खेळात हरलो तर डाव पुन्हा मांडता येतो."

"खेळात येतो," मी म्हटले, "म्हणून भांडणे खेळातच ठेवा."