केसपेपरवरील ‘विथड्रॉवल’ या शब्दाचा अर्थ

बँकेत ‘विथड्रॉवल’ म्हणजे खात्यातून पैसे काढणे. कुटुंबनियोजनात हा शब्द पुरुषाने वीर्यस्खलनापूर्वी बाजूला होण्याच्या पद्धतीसाठी वापरतात. त्या पद्धतीवर विसंबणाऱ्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे २० जणींना वर्षभरात गर्भधारणा होते, म्हणून ती भरवशाची नाही. केसपेपरवर ‘अल्कोहोल विथड्रॉवल’ असे लिहिलेले असेल, तर अर्थ निराळा आहे: मद्य एकाएकी बंद झाल्याने शरीरात उद्भवलेला त्रास.

हे का घडते?
मद्य मेंदूचे कार्य मंदावते. अनेक महिने रोज मद्य घेतल्यास मेंदू त्यावर मात करण्यासाठी सतत उत्तेजित राहू लागतो. मद्य थांबते, उत्तेजना मात्र उरते. हे ढोंग नव्हे, मनाचा दुबळेपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे.

श्रावण पाळताना, माळ घातल्यावर किंवा अपघातामुळे रुग्णालयात दाखल झाल्यावर हा त्रास अनपेक्षितपणे सुरू होऊ शकतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मद्याची दुकाने बंद झाली, तेव्हाही असे रुग्ण रुग्णालयांत आले.

लक्षणे ओळखा
• ६ ते २४ तास: हात थरथरणे, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप न येणे.
• ६ ते ४८ तास: झटके येण्याचा धोका.
• दुसऱ्या ते चौथ्या दिवशी: भ्रम, नसलेल्या वस्तू दिसणे, ताप, माणसे न ओळखणे. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते.

आपण काय करावे?
• रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते एकाएकी बंद करू नये. योग्य औषधे व जीवनसत्त्व बी-१ देऊन ते सुरक्षितपणे सोडवता येते.
• कोणत्याही कारणाने रुग्णास दाखल करताना त्याचे मद्यपान डॉक्टरांपासून लपवू नका.
• झटका आल्यास रुग्णास कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका. झटका किंवा भ्रम दिसताच १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.
• झोपेच्या गोळ्या व स्टेरॉइड औषधेही स्वतःहून एकदम थांबवू नका.

तंबाखू सोडताना होणारी चिडचिड व बेचैनी जीवघेणी नसते. ती पहिल्या काही दिवसांत तीव्र असते व साधारण महिन्याभरात ओसरते. तंबाखू आजच सोडता येते.

शरीराचा त्रास शमला म्हणजे व्यसन सुटले असे नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी औषधांबरोबर समुपदेशन केले जाते व कुटुंबीयांनाही उपचारात सामील करून घेतले जाते.

मोफत मदत: व्यसनमुक्ती १४४४६, मानसिक आरोग्य ‘टेली मानस’ १४४१६, तंबाखूमुक्ती १८००-११-२३५६.