माळ्यावरची प्रतीक्षायादी

पोटमाळ्याला जिना नसतो. असलीच तर भिंतीला टेकवलेली शिडी, नाहीतर डगमगतं स्टूल आणि ते खालून धरणारं कोणीतरी. वाड्यात, चाळीच्या दोन खोल्यांत आणि आता फ्लॅटमधल्या बाथरूमच्या डोक्यावर मराठी घराने ही जागा राखून ठेवली आहे. गणपतीचं मखर, जादा गाद्या, आकाशकंदील यांचा मुक्काम ठरलेला असतो; वर्षातून एकदा त्यांचा नंबर लागतोच. बाकीच्या वस्तू ‘दुरुस्त करून घेऊ’ म्हणून वर चढवलेल्या असतात. त्या मात्र तिथेच राहतात.

त्यातला सर्वांत जुना रहिवासी बहुधा पंपाचा स्टोव्ह. 1892 मध्ये स्वीडनच्या लिंडक्विस्टने तो बनवला. त्याच्या ‘प्रायमस’ या छापाचं नाव इतकं रुळलं, की कुठल्याही कंपनीच्या स्टोव्हला घरोघर प्रायमसच म्हणत. त्याचं दुखणं सहसा साधं असतं. पंपातला चामड्याचा वायसर सुकून आकसतो आणि हवा धरत नाही. त्याला तेल पाजून कडा बोटाने फाकवल्या की पंप पुन्हा चालतो. निपल तुंबलं तर पत्र्याच्या पट्टीला लावलेली ती बारीक पिन. स्वतःची हरवली की शेजारून मागून आणायची. रोगी आजही बरा होईल, पण त्याला पाजायला रॉकेल कुठून आणायचं?

छताच्या पंख्याची गोष्ट जास्त चुटपुट लावणारी आहे. तो हळू फिरू लागला की ‘मोटर गेली’ असा निकाल लागतो. नवा पंखा येतो आणि जुन्याची पाती वर्तमानपत्रात गुंडाळून वर जातात. प्रत्यक्षात पुष्कळदा क्षीण झालेला असतो तो आतला कपॅसिटर, साधारण 2.5 मायक्रोफॅरडचा, किरकोळ किमतीचा.

मिक्सरच्या तळाशी दात्यांचा कपलर असतो. भांडं अडकलं तर आधी त्याचे दाते जावेत आणि मोटर वाचावी, अशीच त्याची योजना. पण त्याच मापाचा कपलर मिळेपर्यंत मिक्सर माळ्यावर. अर्थात, बंद पडलेल्या मिक्सरला कमी लेखू नये. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरचा जर्मन मिक्सर मसाले वाटता वाटता जळाला. भारतात तो दुरुस्त करून मिळेना, म्हणून त्यांनी इथल्या वाटणाला पुरेल अशी यंत्रणा स्वतःच बनवायला घेतली. 1963 मध्ये कंपनी उभी राहिली आणि ‘सुमीत’ हा मिक्सर घराघरात पोचला.

अलीकडचे रहिवासी मात्र अबोल. मोबाइलची बॅटरी गोंदाने चिकटवलेली, इअरफोनला उघडायला फटच नाही, काही स्क्रू पाच पाकळ्यांचे. घरातला पेचकस तिथे निरुपयोगी. या अडचणीवर जगात हालचाल झाली आहे: 18 ऑक्टोबर 2009 रोजी मार्टिन पोस्तमा या डच पत्रकार महिलेने ॲम्स्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. बंद वस्तू घेऊन यायचं आणि जाणकारांच्या शेजारी बसून ती उघडायची. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये कंपन्यांकडची दुरुस्तीची माहिती एका जागी देणारं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पण माळ्यावरच्या यादीतल्या बऱ्याच वस्तूंचं बिल नाही, पुस्तिका नाही आणि छापही पुसलेला.

दिवाळीआधी सगळं खाली उतरतं. ओल्या फडक्याने पुसताना प्रत्येक वस्तूची सुनावणी होते. कोणी म्हणतं भंगारात द्या. लगेच घरातलं वडीलधारं माणूस डालडाचा जुना डबा पुढे ओढतं. त्यात स्क्रू, फ्यूजची तार, वायसर, कुठल्याशा रेडिओचं बटण. पंख्याचे नट सापडतात, कपॅसिटर सापडत नाही. तो डबाही मग पंख्यासोबत वर जातो.