एक खांब, अनेक जागा



बिदरच्या किल्ल्यातली सोळा खांब मशीद आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिली असेल. ही वास्तू 1423-24 सालची. नावात सोळाच खांब, पण आत जाऊन मोजू लागलात तर आकडा केव्हाच पुढे जातो. सगळे जाडजूड, गोल, एकसारखे. ही मशीद संगणकावरच्या त्रिमितीय नकाशात उतरवायची तर प्रत्येक खांब नव्याने काढायचा का?

तशी गरज नाही. ओपन जिओस्पेशियल कन्सोर्टियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2008 साली मान्य केलेल्या सिटी-जीएमएल या खुल्या मानकात याची सोय आहे. खांबाचा आकार साच्यासारखा एकदाच नोंदवायचा. मग प्रत्येक खांबासाठी जागेचा एक बिंदू आणि सोळा आकड्यांचे मॅट्रिक्स एवढेच लिहायचे. (हिंदी माध्यमात आम्ही त्याला आव्यूह म्हणत असू. इथेही सोळाच, हा निव्वळ योगायोग!) साचा किती वळवायचा, किती लहान-मोठा करायचा, हे ते आकडे सांगतात. 2012 च्या आवृत्तीत दारे-खिडक्यांनाही ही सोय मिळाली. पुढे आलेल्या सिटी-जेसन या सुटसुटीत रूपातही हीच कल्पना आहे.

समजा, एका खांबाला 200 बिंदू लागतात. प्रत्येक बिंदूचे तीन आकडे, म्हणजे 600. असे 40 खांब वेगवेगळे लिहिले तर 24,000 आकडे होतात. साचा वापरला तर 600 आणि 40 वेळा 19, म्हणजे फक्त 1,360. शिवाय माप चुकले तर एकाच ठिकाणी दुरुस्ती.

पण इथेच सावध राहायला हवे. एखादा खांब झिजलेला किंवा डागडुजी केलेला असेल, तर साचा त्याला इतरांसारखाच धडधाकट दाखवील. जुन्या वास्तूच्या बाबतीत ही खोटी नोंद ठरते. अशा खांबाचे माप वेगळेच घ्यावे, असे माझे मत आहे.

विश्वस्तांना ठाऊक आहे की आपल्या शाळेचा जुना नकाशा ज्या प्रोग्रॅममध्ये काढला होता, तो प्रोग्रॅम आज मिळत नाही आणि फाईल उघडत नाही. खुल्या मानकात लिहिण्याची रीत सर्वांना उपलब्ध असते, म्हणून ही वेळ सहसा येत नाही. नवा नकाशा त्यातच करायचा आहे. नववीची मुले आधी एक खिडकी नीट मोजतील. मग बाकीच्या खिडक्या खरोखर तशाच आहेत का, हे टेप लावून पाहतील.

— मुख्याध्यापक