शहराची जुनी मेट्रो सौंसरला धावेल का?

मध्य प्रदेशातल्या मोहगावच्या माणसाला रेल्वेगाडी धरायची तर वाटा दोनच: सौंसर नाही तर पांढुर्णा. सौंसर हे इतवारी–छिंदवाडा मार्गावरचं, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं स्थानक. पांढुर्णा मध्य रेल्वेच्या नागपूर–इटारसी मार्गावर. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तरी बाजार, दवाखाना, कॉलेज यांसाठी ओढ नागपूरचीच. तिथली मेट्रो पाहून परतणाऱ्याला वाटतं, मोठ्या शहरांनी बाद केलेल्या मेट्रो गाड्या आमच्या मार्गावर का आणू नयेत? प्रश्न वेडगळ नाही. इंग्लंडमध्ये हे झालेलं आहे. पण त्याभोवती बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : मेट्रोतून बाद झालेली गाडी म्हणजे भंगार.

वस्तुस्थिती : गाडी बाद होते ती बहुधा सिग्नल यंत्रणा, मोटारी किंवा शहराची गरज बदलल्यामुळे. सांगाडा तोवर धडधाकट असू शकतो. लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनवर १९८० पासून धावलेल्या ‘डी ७८’ गाड्या २०१५ ते २०१७ या काळात काढून टाकल्या गेल्या. डब्यांचं अंग ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गंजाचा प्रश्न थोडा. विवारेल नावाच्या कंपनीने ते डबे विकत घेतले आणि त्यांतून प्रादेशिक मार्गांसाठी नवी गाडी घडवली. काही गाड्यांच्या पोटाखाली डिझेल इंजिनं बसवली, काहींत बॅटऱ्या. आइल ऑफ वाइट या बेटावर तर लंडनच्या जुन्या भुयारी गाड्या १९६७ पासून चालत आल्या आहेत. तिथला बोगदा ठेंगणा, त्यात नेहमीची उंच गाडी मावत नाही. तिथे २०२१ मध्ये आलेल्या गाड्याही याच ‘डी ७८’च्या डब्यांतून घडवलेल्या.

गैरसमज २ : मेट्रो काय, रेल्वे काय, रूळ सारखेच.

वस्तुस्थिती : रुळांतलं अंतर बदललं की काय होतं, हे सौंसरकरांना कुणी शिकवायला नको. इथली छोटी गाडी ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजवर धावायची. ती २०१५ च्या अखेरीस थांबली आणि मग ब्रॉडगेज होईपर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर. नागपूर मेट्रो मात्र स्टँडर्ड गेजवर, म्हणजे १४३५ मिलिमीटरवर चालते. फरक २४१ मिलिमीटरचा, जेमतेम वीतभर. पण तेवढ्यासाठी चाकं, आस आणि मोटारींसकट डब्याखालच्या अख्ख्या बोगी नव्याने कराव्या लागतात. शिवाय मेट्रोचा डबा २.९ मीटर रुंद, तर रेल्वेचा जुना निळा आयसीएफ डबा सुमारे सव्वातीन मीटर. म्हणजे फलाट आणि दार यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना सतरा-अठरा सेंटिमीटरने वाढणार. म्हातारी माणसं आणि कडेवरची पोरं घेऊन चढणाऱ्या बायांसाठी ही बाब क्षुल्लक नाही.

गैरसमज ३ : वीज जुळली, रूळ जुळले, की काम झालं.

वस्तुस्थिती : भारतातल्या तीन मेट्रो शेजारी मांडून पाहा. नागपूर मेट्रो वरच्या तारेतून २५ किलोव्होल्ट एसी वीज घेते, रेल्वेचीही तीच. म्हणजे वीज जुळते, गेज जुळत नाही. कोलकाता मेट्रोची मूळ मार्गिका ब्रॉडगेज आहे. पण ती रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्ट डीसी वीज घेते. म्हणजे गेज जुळतं, वीज जुळत नाही. तिथल्या बिनवातानुकूलित गाड्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये निरोप घेतला.

राहिली दिल्ली. तिथल्या सुरुवातीच्या मार्गिका ब्रॉडगेज, वीज २५ किलोव्होल्ट. दोन्ही जुळतं! पण २००२ ते २००७ या काळात आलेल्या तिथल्या पहिल्या ७० गाड्या दिल्ली मेट्रो विकत नाही, त्यांचं नूतनीकरण करून स्वतःच वापरते आहे. मेट्रो गाडीचं आयुष्य साधारण तीस वर्षांचं धरतात. त्या हिशेबाने २०१९ मध्ये सुरू झालेल्या नागपूर मेट्रोच्या गाड्या मोकळ्या व्हायला अजून दोन दशकांहून जास्त काळ आहे. थोडक्यात, जी गाडी जुळते ती रिकामी नाही आणि जी रिकामी होते ती जुळत नाही.

गैरसमज ४ : मेट्रो नवी, म्हणून जास्त मजबूत.

वस्तुस्थिती : मजबुती कुठल्या धोक्यासाठी, हे आधी विचारावं लागतं. मेट्रोच्या रुळांवर फक्त मेट्रोच धावते, सगळ्या गाड्या एकाच वजनाच्या. नागपूर–इटारसी मार्गावर कोळशाच्या मालगाड्या आणि सुपरफास्ट गाड्या एकाच रुळावरून जातात. म्हणून टोकाकडून येणारा दाब किती सोसायचा, याचे निकष वेगळे. युरोपीय मानकात मेट्रोच्या डब्याला सुमारे ८० टन दाब सोसावा लागतो. आपल्या आयसीएफ डब्याची रचना २०० टनांची. लंडनच्या गाड्यांनाही मोठ्या रेल्वेवर आणताना चालकाच्या खोलीचा पुढचा भाग नव्याने मजबूत करावा लागला. आपल्याकडे अशा गाडीला लखनऊच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेची चाचणी आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी यांतून जावंच लागेल.

गैरसमज ५ : जुनी गाडी स्वस्तात पडते.

वस्तुस्थिती : थोरल्याचा सदरा धाकट्याला बेतून देताना कधीकधी नव्या कापडापेक्षा शिलाईच महाग पडते, तसंच इथे होतं. रूपांतर थोड्या गाड्यांचं असेल तर आराखडा, चाचण्या आणि सुटे भाग यांचा खर्च त्या थोड्याच गाड्यांवर पडतो. विवारेल २०२२ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. बेडफर्ड ते ब्लेचली या मार्गावर तिच्या गाड्या २०१९ पासून धावत होत्या. देखभाल करणारं कुणी उरलं नाही म्हणून त्या थांबल्या आणि तिथे जवळपास वर्षभर बसवर भागवावं लागलं. डबे चांगले होते. मोडला तो त्यांच्यामागचा कारखाना.

गैरसमज ६ : नागपूर–नरखेड ‘ब्रॉडगेज मेट्रो’ म्हणजे जुन्या मेट्रोचाच पुनर्वापर.

वस्तुस्थिती : नागपूर मेट्रो चालवणारी महामेट्रो आणि रेल्वे यांच्यात २०१८ मध्ये त्यासाठी सामंजस्य करार झाला. कल्पना अशी, की नागपूरहून नरखेड, वर्धा, रामटेक आणि भंडारा रोड या दिशांना रेल्वेच्याच रुळांवर नव्या, रेल्वेच्या मापाच्या गाड्या चालवायच्या. त्यात जुना डबा कुठेच नाही. अहमदाबाद–भुज दरम्यान सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली ‘नमो भारत’ गाडीही अशीच. आधी तिला ‘वंदे मेट्रो’ म्हणत, पण ती रेल्वेसाठीच बांधलेली आहे.

गैरसमज ७ : आपली रेल्वे जुने डबे वाया घालवते.

वस्तुस्थिती : आयुष्य सरलेल्या प्रवासी डब्यांच्या खिडक्या बंद करून, टोकाला मोठी दारं बसवून त्यांतून मोटारी आणि ट्रॅक्टर वाहणाऱ्या मालडब्यांची गाडी केली जाते. रेल्वेत तिला एनएमजी म्हणतात. ही क्लृप्ती टिकली, कारण डबा मुळातच रेल्वेच्या मापाचा होता आणि त्याची दुरुस्ती करणारी वर्कशॉप्स घरचीच होती.

आइल ऑफ वाइटवर जमलं तेही याच तऱ्हेच्या कारणांनी. मार्ग छोटा आणि इतर रेल्वेपासून तुटलेला, वीज तिसऱ्या पट्टीची म्हणजे लंडनच्या पद्धतीशी मिळतीजुळती, आणि बोगद्यामुळे दुसरी गाडी चालणंच कठीण. सौंसर आणि पांढुर्ण्याची गोष्ट उलटी. दोन्ही मार्ग ब्रॉडगेज, दोन्हींवर २५ किलोव्होल्टची तार आणि दोन्ही देशाच्या जाळ्याला जोडलेले. या मापात आजच बसणारी गाडी म्हणजे मेमू: पायरी, रुंद दार आणि चटकन वेग घेणाऱ्या मोटारी असलेली, जिचे सुटे भाग रेल्वेच्या भांडारात मिळतात. म्हणून इथल्या प्रवाशाने खासदारांकडे किंवा रेल्वेकडे अर्ज करताना जुनी मेट्रो मागून उपयोग नाही. सकाळी कॉलेज आणि कचेरीच्या वेळेला नागपूरला पोचवणारी, संध्याकाळी परत आणणारी मेमू मागावी, आणि मोहगावहून सौंसर स्थानकापर्यंत तिच्या वेळेशी जुळणारी बस.