स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांची रात्रींची राखण



“साठी बुद्धि नाठी” ही म्हण आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, तिच्याआड एखादा रोग लपलेला असूं शकेल अशी शंकाहि मनास शिवत नाहीं. वार्धक्यांत नांव आठवण्यास वेळ लागणें निराळें, आणि आपण कोठें आहों, रात्र आहे कीं दिवस, हेंच न उमजणें निराळें. हा दुसरा प्रकार म्हणजे स्मृतिभ्रंश. तो स्वभावदोष नव्हे, मेंदूचा विकार आहे. त्याच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराचें वर्णन जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं केलें. त्यांचेंच नांव त्यास मिळालें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अनुमानाप्रमाणें आपल्या देशांत ६० वर्षांवरील सुमारें ८८ लक्ष माणसें स्मृतिभ्रंशानें ग्रस्त आहेत. असें माणूस रात्रीं दार उघडून बाहेर पडूं नये म्हणून घरच्यांनीं काय करावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

उपायाआधीं कारण पाहूं. मेंदूच्या तळाशीं पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडाच्या आधारें तो शरीराचें घड्याळ लावीत असतो. या विकारांत त्याचीहि झीज होते. म्हणून रोगी दिवसां डुलक्या घेतो, तिन्हीसांजेस अस्वस्थ होतो आणि मध्यरात्रीं टक्क जागा असतो. शिवाय, पाटीवरचें ताजें अक्षर आधीं पुसलें जावें तशा नव्या आठवणी प्रथम जातात. जुने धडे पुष्कळ काळ टिकतात. अशा माणसास जाग येते ती अनोळखी वाटणाऱ्या खोलींत. तें चाळीस वर्षांपूर्वींचें घर शोधूं लागतें, आणि स्वतःच्याच घरांत उभें राहून “मला घरीं जाऊं द्या” म्हणतें.

माझे वडीलबंधु रेल्वेंत गार्ड होते. निवृत्तीस पंधरा वर्षें होऊन गेल्यावर ते रात्रीं दोनच्या सुमारास उठून कोट चढवूं लागले. मालगाडी आपल्यावांचून खोळंबली आहे, ही त्यांची चिंता. “अहो, तुम्ही केव्हांच रिटायर झालांत,” असें वहिनी म्हणत, तों ते अधिकच संतापत. पुढें त्या म्हणूं लागल्या, “गाडी लेट आहे. तोंवर घोटभर दूध घ्या.” मग ते खुर्चीवर बसत, एका जुन्या स्टेशनमास्तरांची गोष्ट सांगत, आणि थोड्या वेळानें निजत. जन्मभर मुलांस सत्य बोलण्याचे धडे दिलेल्या मला हें प्रथम खटकलें. परंतु विचारांतीं पटलें कीं, वहिनींनीं त्यांच्या शब्दांस नव्हे, त्यांच्या काळजीस उत्तर दिलें होतें. वादानें रोग्याची स्मृति परत येत नाहीं. केवळ त्याचें भय वाढतें. बाहेर निघालेल्या माणसास “कोणाकडे निघालांत?” असें शांतपणें विचारावें. उत्तरांतच बहुधा कारण सांपडतें.

रात्रीची तयारी सकाळपासूनच करावी लागते. रोग्यास सकाळच्या उन्हांत फिरवून आणावें. भाजी निवडणें, कपड्यांच्या घड्या घालणें अशीं कामें हातीं द्यावीं, आणि दुपारची झोंप आटोपशीर ठेवावी. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. दिवेलागणीस घरांत भरपूर उजेड करावा; सांवल्यांनीं असा माणूस बावरतो. निजण्यापूर्वीं लघवीस नेऊन आणावें आणि शौचकूपाच्या वाटेवर मंद दिवा रात्रभर ठेवावा, कारण पुष्कळदां मोरी शोधतां शोधतांच पाय बाहेरच्या दाराकडे वळतात. अस्वस्थता एकाएकीं वाढल्यास मूत्रमार्गाचा जंतुदोष, बद्धकोष्ठ किंवा एखादें दुखणें नाहीं ना, हें डॉक्टरांस दाखवून घ्यावें. झोंपेचें औषध मात्र आपल्या मनानें कधींहि देऊं नये. त्यानें तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

आतां दाराविषयीं. कडी नेहमींच्या उंचीवर न बसवितां अगदीं वर किंवा अगदीं खालीं बसवावी. रोग्याचा हात संवयीच्या जागींच चांचपतो. दारास घुंगरांचा झुबका किंवा लहान घंटा बांधावी. दार उघडतांच वाजणारीं विजेचीं उपकरणेंहि मिळतात. दार भिंतीच्या रंगाच्या पडद्याआड झांकावें. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत दाराची मूठ कापडानें झांकल्यावर रोग्यांचें बाहेर पडणें थांबलें होतें. चपला, छत्री, टोपी, पिशवी हीं दाराजवळ ठेवूं नयेत. त्यांच्या दर्शनानेंच बाहेर जाण्याची आठवण होते. गच्चीचें दार व गॅसची कळ विसरूं नये.

येथें एक मर्यादा सांगितली पाहिजे. रोग्यास कुलूपबंद करून एकटें टाकणें हें रक्षण नव्हे. आग लागली तर तेंच कुलूप काळ ठरेल. म्हणून घरांत जाणतें माणूस असावें आणि प्रत्येक कडी त्यास अंधारांतहि उघडतां यावी. फिरण्याची ओढ दडपण्यापेक्षां घरांतच मोकळी, अडथळ्यांवांचून जागा करून द्यावी. ज्याला येरझारा घालावयाच्या आहेत त्याला त्या घालूं द्याव्या.

एवढें करूनहि माणूस निसटूं शकतें. म्हणून नांव व घरच्यांचा दूरध्वनिक्रमांक असलेलें लॉकेट किंवा कडें अंगावर असावें आणि अलीकडचें छायाचित्र तयार ठेवावें. पहारेकरी, वाणी, रिक्षावाले यांस सारें मोकळेपणें सांगून ठेवावें. त्यांत लाज कसली? माणूस दिसेनासें झाल्यास प्रथम जिना, गच्ची, शेजार व जवळपासचीं पाण्याचीं ठिकाणें पाहावीं, आणि पंधरा मिनिटांत न सांपडल्यास ११२ वर पोलिसांस कळवावें. तक्रारीसाठीं चोवीस तास थांबावें लागतें, हा समज चुकीचा आहे. परत आलेल्या माणसास रागें भरूं नये. तें आधींच भ्यालेलें असतें.

शेवटीं राखण करणाऱ्याविषयीं दोन शब्द. हें ओझें बहुतेक घरांत एकट्या पत्नीवर, सुनेवर किंवा लेकीवर पडतें. रात्र रात्र जागलेलें माणूस दिवसां शांत कसें राहणार? भावंडांनीं रात्री वांटून घ्याव्या; निदान आठवड्यांतून दोन रात्री तरी तिला दुसऱ्या खोलींत निर्धास्त निजूं द्यावें. सल्ल्यासाठीं ज्येष्ठांकरितां १४५६७ हा सरकारी क्रमांक आहे. घुंगरूं आणि कडी कितीहि चांगलीं असलीं तरी त्यांच्या आवाजानें उठणारें माणूस धड असेल, तरच त्यांचा उपयोग.